सूर्यमाळला रेंज होती

मंजुळाबाईंच्या लॅपटॉपमध्ये मी एक तुटलेली वायर काळ्या टेपखाली दडवली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला मी एरवी अंगात कणकण आली तरी सांगतो, त्यालाही नाही. मंजुळाबाईंना तर नाहीच नाही.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी मागितल्या होत्या त्या दुरुस्तीच्या दुकानातल्या गमतीजमती. गमती आहेत, त्याही सांगतो. पण लिहायला बसलं की हात त्या टेपपाशी येऊन थांबतो, म्हणून सुरुवात तिथूनच करून टाकली. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, "तुमच्या तोंडून शब्द काढायलाही स्क्रू-ड्रायव्हर लागतो."

माझं दुकान जव्हारला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत नवा कोरा लॅपटॉप तसा कमीच येतो. ठाण्या-भिवंडीच्या ऑफिसांनी वापरून बाजूला टाकलेले, तिकडे कामाला गेलेल्या कुणीतरी पिशवीत घालून आणलेले, असेच जास्त. मशीन दणकट असतात, वर्षानुवर्षं चालतात. मधूनच एखाद्याचं वायफाय जातं आणि मग ते माझ्याकडे येतात. आतलं वायरलेस कार्ड बदलणं हे माझं हातखंडा काम. निदान मी तसं सांगत फिरायचो.

'कार्ड' या शब्दाने आमच्याकडे फार घोटाळे होतात. एकदा जामसरचे एक म्हातारेबाबा आले. पिशवीतून आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन फोटो काढून त्यांनी काउंटरवर नीट मांडले.

"पोरानं फोनवर सांगितलंय, वायरलेस कार्ड काढून आण. तुमच्याकडं निघतं का तहसीलला जावं लागंल?"

"बाबा, लॅपटॉप कुठाय?"

"तो घरी. त्याला कशाला आणू? ऊन केवढं!"

"फोटो लागत नाही याला."

"मंग कार्डावर कुनाचा फोटो येल?"

मी खणातलं एक जुनं कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. काडेपेटीहून लहान, हिरवा तुकडा, वर चंदेरी पत्रा. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्याशा कार्डावर धान्य काय मिळनार!" पुढच्या बाजाराला लॅपटॉप मात्र घेऊन आले.

खोडाळ्याचे एक किराणा दुकानदार 'कार्ड मेलंय, नवं टाका' म्हणून आले, तर पुढच्या कडेचं वायफायचं सरकतं बटण बंद होतं. मी नखाने सरकवलं. त्यांनी ते स्वतः एकदा मागे-पुढे करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी येडा का?" म्हटलं, "नाही शेठ, बटण बारीक आहे." त्या दिवशी मी खरं बोललो होतो, याची आता मला मुद्दाम आठवण ठेवावी लागते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कार्ड म्हणजे कार्ड, जुनं काढलं, नवं बसवलं. तसं नसतं. प्रत्येक काळातल्या लॅपटॉपची खाच निराळी. जुन्यात चौकोनी रुंद कार्ड बसतं, नव्यात अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं. खाच जुळली तरी काही कंपन्यांचे लॅपटॉप आडमुठे. चालू होतानाच ते आत कोण बसलंय ते तपासतात आणि यादीतलं कार्ड नसेल तर काळ्या पडद्यावर एक ओळ टाकून तिथेच अडून बसतात, की हे कार्ड मंजूर नाही, काढा. एका क्लार्क साहेबांच्या मशीनने माझी चांगली चांगली कार्डं अशी परत पाठवली, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या ऑफिसातसुद्धा एवढी छाननी होत नाही हो." अशा वेळी त्याच कंपनीचं, त्याच सालातलं, कुठल्यातरी मेलेल्या लॅपटॉपमधलं कार्ड शोधावं लागतं. नाशिकला एक जण अशी कार्डं डब्यात भरून ठेवतो. त्याच्याकडून मागवलं की चार दिवस थांबायचं. थांबणं हा या धंद्यातला अर्धा गुण आहे.

उरलेला अर्धा गुण वायरींचा. कार्डाला दोन बारीक वायरी येतात, एक काळी, एक पांढरी. बिजागरीतून वर चढून पडद्याच्या मागे जातात. ते लॅपटॉपचे कान. कार्ड कितीही चांगलं असलं तरी कान नीट लागले नाहीत तर जवळचं ऐकू येतं, लांबचं नाही. या वायरींच्या टोकाला पितळी टोपी असते, ती कार्डावरच्या खुंटीवर टक्क आवाज करून बसते. जुन्या वायरीची टोपी उडदाच्या निम्म्याएवढी, नव्या कार्डावरची खुंटी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, दाण्याएवढी. दिसायला सारखीच. बसायला नाही.

मंजुळाबाई सूर्यमाळच्या पलीकडच्या एका पाड्यावर राहतात, तिथल्याच वस्तीच्या शाळेत शिकवतात. नवरा ठाण्याला कामाला, त्यानेच तिकडून जुना लॅपटॉप आणलेला. घरात त्या आणि सासरे, नवसूबाबा. लॅपटॉप घेऊन त्या दुकानात आल्या तेव्हा घाईत होत्या.

"भाऊ, शनिवारच्या आत पायजे. शनिवारी आमची बैठक असते, नेटवर."

"कसली बैठक?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. दोन्ही तालुक्यांतल्या पाड्यांवरचे काही शिक्षक मिळून पहिलीच्या मुलांसाठी एक अक्षरांचं पुस्तक करत होते. मुलं घरी जे शब्द बोलतात, त्या शब्दांचं. दर शनिवारी दुपारी सगळे पडद्यावर जमायचे आणि एकेका अक्षराला शब्द ठरवायचे. जो हजर, त्याचा शब्द. जो नाही, त्याच्या पाड्याचा शब्द राहिला.

"पुस्तकात काय असतं, इ इमारतीचा. माझ्या पोरांनी इमारत कुठं बघितलीय? मला तिथं इरलं घालायचंय."

इरलं आमच्याकडे सगळ्यांना माहीत, पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानं दाबलेली, डोक्यावरून पाठीवर पडतं. भातलावणीला वाकून काम करताना छत्री काय कामाची? इरलं पाठीवर घेतलं की दोन्ही हात मोकळे. नवसूबाबा अशी इरली विणत. त्यांच्या इरल्यातून थेंब गळत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती.

बाईंचं कार्ड खरंच मेलं होतं. त्या खाचेचं जुनं कार्ड माझ्याकडे नव्हतं, नाशिकहून मागवायचं तर शनिवार जाणार. खणात एक नवं छोटं कार्ड होतं, त्याला जुन्या खाचेत बसवणारी पट्टीही होती. मशीन आडमुठं नव्हतं, कार्ड त्याने लगेच ओळखलं. राहिल्या वायरी. टोप्या खुंट्यांवर बसेनात. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. मी काळी वायर दाबली, ती सैलसर टेकली. पांढरी जरा जोराने दाबली आणि टोपी तुटून माझ्या बोटावर आली.

बाई समोर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं नाही. दुकानात आणखी चार जण होते आणि थोड्याच वेळापूर्वी मी त्यांच्यापुढे छाती फुगवून म्हणालो होतो, की दोन तालुक्यांत कार्ड बसवावं तर आपणच. मी तुटकी वायर कडेला घेतली, तिच्यावर काळी टेप लावली, झाकण बंद केलं. दुकानातलं वायफायचं यंत्र डोक्यावरच्या फळीवर. सगळ्या काड्या भरलेल्या दिसल्या.

"झालं, बाई."

"लय उपकार झाले, भाऊ."

पुढच्या सोमवारी त्या परत आल्या. शनिवारची बैठक बुडाली होती.

त्यांच्या पाड्यावर फोनला घरात रेंज येत नाही, परसातल्या चिंचेवर येते. म्हणून फोन पिशवीत घालून चिंचेच्या फांदीला टांगायचा, त्याचं नेट चालू करायचं आणि लॅपटॉप घरात बसून ते पकडणार, अशी त्यांची व्यवस्था. जुनं कार्ड जाईपर्यंत ती बिनबोभाट चालली होती.

"आता पकडत नाय, भाऊ. उंबऱ्यापर्यंत आणला तरी नाय."

मला कळलं. त्यांचं वाक्य संपायच्या आत कळलं. आणि मी म्हणालो, "बाई, तुमच्याकडे रेंजच कुठाय?"

"फोनला दोन काड्या येतात की."

"फोनला येतात. लॅपटॉपला तेवढी पुरत नाही. इथं बघा, कशा भरलेल्या काड्या दाखवतोय. मशीनमध्ये काही नाही. तुमचा डोंगरच आडवा येतो."

इथे मला एक सांगितलं पाहिजे. आमच्या दोन तालुक्यांत 'रेंज नाही' हे वाक्य कुणी तपासत नाही. बँकेत काम अडलं, रेंज नाही. रेशनच्या मशीनने अंगठा घेतला नाही, रेंज नाही. साहेबांनी फोन उचलला नाही, रेंज नव्हती. निम्म्या वेळा ते खरंच असतं, म्हणून उरलेल्या निम्म्या वेळाही चालून जातं. इथला प्रत्येक जण ते ऐकतच मोठा झालेला. बाईंनीही ते ऐकलं, मान हलवली. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या दोन काड्या त्यांनी खोट्या मानल्या.

"मंग मीच वर जाते," त्या म्हणाल्या. "वरती खडकावर फोनला पुऱ्या काड्या येतात. लॅपटॉप फोनच्या मांडीला मांडी लावून ठेवला तर पकडंल ना?"

"पकडेल. पण बॅटरी?"

"ती मेलेलीच आहे. बघू."

मी हसलो. मला वाटलं, एक-दोनदा जातील, कंटाळतील.

श्रावणात सूर्यमाळच्या बाजूला एका कार्यालयाचा प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो. दिवस शनिवारचा होता. परतताना मोटारसायकल बाईंच्या पाड्यावरून आली आणि मला वाटेच्या कडेला एक वायर दिसली. कुडाच्या भिंतीतून निघालेली, आंब्याच्या दुबेळक्यात अडकवलेली, पुढे बांबूंवरून चढत चढत थेट डोंगरावर गेलेली. मधूनच तिला एखादा रंगीत बल्ब. भर दुपारी, धुक्यात, डोंगराच्या वाटेवर एक लाल बल्ब आणि बऱ्याच वर एक हिरवा, असे लागलेले.

मी गाडी लावून वर गेलो. खडकावर मंजुळाबाई पोत्यावर बसल्या होत्या, समोर पालथ्या टोपलीवर लॅपटॉप, बाजूला फोन. वर दोन इरली टेकवून आडोसा केलेला. बाहेर नवसूबाबा घोंगडी घेऊन उभे.

"या या, दुकानवाले दादा," बाबा हळू आवाजात म्हणाले. "बैठक चालू आहा."

"ही वायर?"

"मांडवाची. लग्नाला लावतो ती. पाड्यात तिघाचौघांकडं होती, सगळी जोडली. नाय पुरली तं शेजारच्या पाड्यातून मागितली."

"आणि बल्ब?"

"वीज आहा का गेली, खालून कळाया नको? लाल इझला का पोरां वराडतात."

मी तिथे उभा राहून ती सगळी रचना पाहत होतो. माझा धंदा वायरींचा, पण इतकं नेटकं काम मी क्वचित पाहिलंय. जोड जिथे होता तिथे प्लॅस्टिकची बाटली कापून उलटी बांधलेली, पाणी जाऊ नये म्हणून. वाटेच्या डोक्यावरून जाताना वायर उंच उचललेली, गुरांच्या शिंगात अडकू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. आणि लग्नाची वायर दिलेल्या घरांतल्या कुणाचंच पोर त्या वर्षी पहिलीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. 'आमचा शब्द पुस्तकात जाणार' एवढ्यावर त्यांनी ती दिली होती.

माझी बोटभर वायर तुटली होती, म्हणून एका पाड्याने दुसऱ्या पाड्याची मदत घेऊन मांडवाची अख्खी वायर डोंगरावर नेली होती.

लॅपटॉपमधून कुणा सरांचा आवाज आला, "मंजुळाताई, इ इमारतीचाच ठेवू या ना. सगळ्या पुस्तकांत तोच आहे."

"सर, तुम्ही म्हणालात, पोरांनी बघितलेला शब्द पायजे."

"हो, पण इरलं आता कोण वापरतं? सगळीकडे प्लॅस्टिक आलंय."

बाईंनी लॅपटॉप उचलला आणि त्याचा पडदा वर फिरवला. इरल्याच्या आतल्या कामट्या, दाबलेली पानं, पानांच्या टोकाला लोंबणारे थेंब, सगळं तिकडे दिसलं असणार.

"हे बघा, सर. आत्ता तुमच्याशी बोलतेय ती याच्याखालूनच. वर पाऊस चालू हाय. तुमचं प्लॅस्टिक इथं वारा टिकू देत नाय."

पलीकडे एकदम हशा झाला. कुणीतरी बाई म्हणाल्या, "लिहा हो, सर, लिहा. इ इरल्याचा!" नवसूबाबांनी माझ्या दंडाला कोपर मारलं. म्हातारा लाजला होता.

तेवढ्यात पडदा काळा झाला. खालून पोरं ओरडली, लाल बल्ब गेला होता. जोड सुटला असणार. मी 'थांबा' म्हणेपर्यंत बाबा वाटेने उतरले होते. एका जोडाची बाटली वाऱ्याने कलली होती, तिथे त्यांनी हात घातला.

मी त्यांना फेकले गेल्यासारखे मागे पडताना पाहिलं. धावलो. ते चिखलात बसले होते, उजवा हात डाव्या हातात धरून. मी पोरांना खाली घरातलं बटण बंद करायला ओरडलो. बाई वरून धावत आल्या, पांढऱ्याफटक.

"बाबा! बाबा, बोला!"

बाबांनी दोनदा तोंड उघडलं, मग आवाज आला. "काय बोलू? वीज आहा, म्हनून तं झटका दिला. मी म्हनत होतो ना, वीज आहा."

पोरं हसली. बाई रडत होत्या आणि हसत होत्या. मी बाबांना मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं. अंगठा आणि शेजारचं बोट भाजलं होतं. पुढे ती भरून आली, पण शेंड्यांना काही लागलेलं कळत नाही. कामटी किती दाबली ते बोटांना कळावं लागतं. त्या वर्षी त्यांनी इरलं विणलं नाही. पुढच्या वर्षी विणलं, ते त्यांनीच उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "याच्यातून चांदन्या दिसतात."

दवाखान्यातून बाबांना घरी आणून सोडलं आणि मी म्हणालो, "बाई, लॅपटॉप द्या. एकदा नीट बघतो."

"कशाला भाऊ? तुम्ही म्हणालात ना, मशीनमध्ये काय नाय."

"तरी द्या."

दुकान बंद करून, एकट्याने झाकण उघडलं. टेप तशीच होती. नाशिकहून त्या खाचेचं खरं जुनं कार्ड मागवलं, दोन्ही वायरी नव्या टाकल्या. टोप्या टक्क आवाज करून बसल्या. एवढं सोपं काम होतं. स्वतः नेऊन दिला, चिंचेला फोन टांगला आणि घरातल्या चुलीशेजारी लॅपटॉप चालू केला. भरलेल्या काड्या. पोरं नाचली.

बाई म्हणाल्या, "ह्ये कसं काय, भाऊ?"

नवसूबाबा खाटेवरून म्हणाले, "नवा टॉवर झाला असंल कुठं तरी."

सगळे माझ्याकडे बघत होते. बोलायचं होतं ते तेव्हाच. तुटकी वायर माझ्या खिशात होती, दाखवायला म्हणूनच नेली होती. आणि मी म्हणालो, "असेल."

त्यांनी मला नागलीचं पीठ बांधून दिलं. मी घेतलं. त्या पिठाच्या भाकऱ्या आमच्या घरी सगळ्यांनी आवडीने खाल्ल्या.

पुस्तक छापून आलं. बाईंनी एक प्रत दुकानात आणून दिली. इरल्याचं चित्र त्यांच्याच हातचं. त्याखाली वाकलेली बाई, दोन्ही हात मोकळे, हातात भाताची रोपं. पाड्यावरची पोरं आता मोठ्याने म्हणतात, इ इरल्याचा. मी मध्यंतरी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो, की माझी वायर तुटली म्हणून बाई खडकावर गेल्या, आणि खडकावर होत्या म्हणून ते इरलं पडद्यावर दाखवता आलं. हिशेब जुळतो. पण त्या बाईंनी चुलीशेजारी बसूनही तो शब्द मिळवलाच असता. जो पाडा लग्नाची वायर काढून देतो, त्याला माझ्या चुकीची मदत लागत नाही.

नंतर मी दुकानात एक नियम केला. कार्ड बसवलं की लॅपटॉप घेऊन गल्लीच्या पार टोकाला जायचं, पानटपरीपाशी, आणि तिथून काड्या बघायच्या. टपरीवाला विचारतो, "रोज काय धरायला येता?" मी सांगत नाही.

पाड्यावर अजून लोक बाहेरच्यांना सांगतात, आमच्याकडे आधी रेंज नव्हती, नवा टॉवर झाल्यावर आली. टॉवर झालेला नाही. बाई डोंगराला बोल लावतात, बाबा स्वतःच्या घाईला.

हा अंक बाईंच्या शाळेत जातो, मला माहीत आहे. त्यांनी हे छापलेलं वाचावं आणि मी सुटावं, असं करायचं नाही. अंक यायच्या आधी मला वर पाड्यावर जायचं आहे. नवसूबाबांच्या समोर बसून, त्यांच्या त्या दोन बोटांकडे बघत एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे, की तुमच्या डोंगराला रेंज होती, वायर मी तोडली होती.